नंबर तोच, कंपनी दुसरी: पुण्यात पोर्ट करणाऱ्यांसाठी

सदाशिव पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही सिंहगड रस्त्याला, धायरीच्या अलीकडे, स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. घर हवेशीर, लिफ्ट चालू, पाणी दोन वेळा. फक्त फोनला रेंज नाही. बेडरूममध्ये "हॅलो, हॅलो" करत माणूस उठायचा आणि उरलेलं बोलणं गॅलरीत जाऊन करायचा. आमच्या घरातल्या बातम्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना आमच्याआधी कळायला लागल्या, तेव्हा ठरवलं की कंपनी बदलायची.

घरात नंबर तीन: माझा, नवऱ्याचा आणि सासूबाईंचा. एका शनिवारी तिन्ही उरकतील असं मला वाटलं होतं. माझा दुसऱ्या खेपेला झाला, नवऱ्याचा महिन्याभराने, आणि सासूबाईंच्या नंबराला दोन महिने लागले. पोर्टची प्रक्रिया स्वतः अवघड नाही. आम्ही अडकलो ते प्रत्येक वेळी आधी बघायच्या गोष्टी नंतर बघितल्यामुळे. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे, तो शक्यतो मोडू नका.

नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधला (म्हणजे फोन सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्यातल्या एकातला) नंबर दुसऱ्या सर्कलमध्येही नेता येतो. जुन्या कंपनीची परवानगी मागावी लागत नाही, त्यांच्या दुकानात जावंही लागत नाही. "का सोडताय?" विचारणारे फोन मात्र येतात. त्यात कधी चांगली सवलत मिळते, पण सवलतीने रेंज येत नाही.

१. आधी रेंज बघा, कंपनी मग ठरवा

"आमच्याकडे अमुक कंपनी झकास चालते" हे वाक्य कोथरूडच्या माणसाने वाघोलीच्या माणसाला सांगण्यात काही अर्थ नाही. एकाच सोसायटीत ए विंगला रेंज आणि सी विंगला शुकशुकाट, हे आम्ही रोज बघतो. नकाशावरचे रंगही घराच्या भिंती मोजत नाहीत.

त्यापेक्षा ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम असलेला पाहुणा किंवा शेजारी पकडा, त्याला चहा पाजा आणि त्याचा फोन घेऊन घरभर फिरा. बाथरूम, स्वयंपाकघर, पार्किंग, लिफ्ट. प्रत्येक ठिकाणी एक कॉल लावून बघा. नुसत्या रेघा मोजू नका, कारण रेघा पूर्ण असूनही आवाज तुटतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात पुन्हा एकदा बघा, तेव्हा सगळी इमारत इंटरनेटवर असते.

हे घरापुरतं झालं. तुम्ही जिथे दिवस काढता तिथलीही चाचणी हवी: हिंजवडीतलं ऑफिस, पेठेतलं दुकान, स्वारगेट ते सिव्हिल कोर्ट हा मेट्रोचा भुयारी टप्पा. जाड भिंतींतून कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी जास्त चांगल्या शिरतात. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झवरचं नेटवर्क वाड्यात जेवढं आत पोचतं तेवढं २३०० वालं पोचत नाही. दोन कंपन्यांचे टॉवर शेजारी-शेजारी असूनही आतल्या खोलीत फरक पडतो, त्याचं एक कारण हे आहे.

आणि घरी चांगलं वाय-फाय असेल तर पोर्टच्या भानगडीत पडण्याआधी फोनमधलं 'वाय-फाय कॉलिंग' चालू करून बघा. आमच्या खालच्या काकूंचा प्रश्न तेवढ्यावर सुटला. मला हे नंतर कळलं.

२. तुमचा फोन त्या नेटवर्कवर चालतो का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक जमाना होता की फोन आणि कंपनी म्हणजे जन्मगाठ. २००३ साली ५०१ रुपये भरून घेतलेले सीडीएमए फोन आठवतात? त्यात सिमच नसायचं. कंपनी सोडायची तर फोनही सोडायचा. आता तसं नाही. भारतात दुकानातून घेतलेला स्मार्टफोन सहसा कोणत्याही कंपनीचं सिम घेतो. तरीही चार गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, साधा बटणांचा फोन. सासूबाईंचा फोन टूजीवाला आहे आणि तो त्या बदलणार नाहीत, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. जिओचं नेटवर्क सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं तेच फोरजीवर. त्यांच्याकडे टूजी आणि थ्रीजी कधीच नव्हतं. म्हणजे टूजीच्या फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर काहीच होत नाही. एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) किंवा बीएसएनएल यांच्याकडे टूजी आहे. जिओच हवं असेल तर फोरजी चालणारा बटणांचा फोन घ्यावा लागतो.

दुसरी, थ्रीजीपर्यंतच चालणारा जुना स्मार्टफोन. एअरटेलने २०२० साली थ्रीजी बंद केलं. अशा फोनवर कॉल लागतात, पण इंटरनेट टूजीच्या वेगाने येतं. एक फोटो उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात.

तिसरी, व्होल्टी. फोरजी मुळात इंटरनेटसाठी आहे. त्यावरून साधा कॉल करायचा तर फोनमध्ये व्होल्टी असावं लागतं आणि चालूही असावं लागतं. ते नसेल तर फोन कॉलपुरता खाली टूजीवर उतरतो. टूजी नसलेल्या कंपनीत उतरायला जागाच नाही, त्यामुळे इंटरनेट धावतं आणि कॉल लागत नाही. "नवीन सिम खराब आहे" म्हणून दुकानात परत आलेल्या लोकांपैकी निम्म्यांचं दुखणं एवढंच असतं, असं आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार सांगतो.

चौथी, फाइव्हजी. जिओचं फाइव्हजी स्वतःच्या पायावर उभं आहे, त्याला 'एसए' म्हणतात. एअरटेलने सुरुवात केली ती फोरजीचा आधार घेऊन चालणाऱ्या, म्हणजे 'एनएसए' फाइव्हजीने. सुरुवातीच्या काळातले काही फाइव्हजी फोन यातला एकच प्रकार ओळखतात. फोनच्या माहितीपत्रकात 'एसए' आणि 'एनएसए' ही दोन्ही अक्षरं दिसतात का ते बघा. बँडच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांच्या, यादीत एन७८ हवाच, जिओसाठी एन२८ असला तर उत्तम. फाइव्हजीसाठी वेगळं सिम लागत नाही, फोरजीचंच चालतं.

आता अमेरिकेतून आलेल्या फोनबद्दल, कारण पुण्यात घरटी एक तरी भाचा तिकडे असतो. आमच्या भाच्याने मामाला प्रेमाने आयफोन दिला. तिकडे हप्त्यावर घेतलेले फोन त्या कंपनीला कुलूपबंद असतात. 'सेटिंग्ज', 'जनरल', 'अबाउट' इथे 'कॅरिअर लॉक' ही ओळ असते. तिथे निर्बंध नाहीत असं लिहिलेलं असेल तरच पुढे चला. कुलूप असेल तर ते फक्त तिकडची मूळ कंपनी काढते, तेही हप्ते फिटल्यावर. दुकानात पैसे देऊन 'अनलॉक' करून घेण्याच्या फंदात पडू नका. असं केलेलं काम पुढच्या अपडेटला परत अडतं. शिवाय आयफोन १४ पासून अमेरिकेत विकलेल्या फोनना सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम चालतं. त्याचं पुढे सांगते.

३. सिम कोणाच्या नावावर आहे?

सासूबाई जो नंबर पंधरा वर्षं वापरत होत्या तो सासऱ्यांच्या नावावर होता. सासरे जाऊन चार वर्षं झाली. पेन्शनचे मेसेज, गॅसचं बुकिंग, आधार, सगळं त्याच नंबरावर.

एका दुकानदाराने सहज सांगितलं, "आजींचं आधार लावा, होऊन जातं." होतही असेल. पण पोर्टची विनंती नंबर ज्याच्या नावावर आहे त्याने करायची असते, आणि ज्या नंबरावर पेन्शन येते तिथे असला जुगाड मला नको होता. आम्ही आधी जुन्या कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर सासूबाईंच्या नावावर करून घेतला. त्यासाठी मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, सासूबाईंचं आधार आणि दोन्ही मुलांची संमती मागितली. धाकटे दीर नागपूरला. त्यांची सही येईपर्यंत तीन आठवडे गेले, त्यानंतर दुकानातल्या माणसाने अर्ज एकदा हरवला.

हस्तांतर चालू असताना पोर्टची विनंती टाकू नका, ती अडते. आधी ते पूर्ण होऊ द्या.

वडिलांच्या, मित्राच्या किंवा जुन्या घरमालकाच्या नावावरचं सिम वापरणारे पुष्कळ असतात, विशेषतः शिकायला पुण्यात आलेली मुलं. तुमचं सिम कोणाच्या नावावर आहे हे आठवत नसेल तर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. एका माणसाच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त ९ नंबर चालतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं.

४. नंबर कोणत्या सर्कलचा आहे?

पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं. गोवाही त्यातच. मुंबई मात्र वेगळं सर्कल, आणि त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याणही. त्यामुळे पणजीचा नंबर पुण्यात पोर्ट करायला ३ कामाचे दिवस लागतात आणि ठाण्याचा करायला ५. नवऱ्याचा नंबर ठाण्याच्या नोकरीतला होता, म्हणून त्याला ५. 'कामाचे दिवस' हे शब्द नीट वाचा: रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. ऑफिसच्या नावावरचा नंबर असेल तर सर्कल एकच असलं तरी ५ दिवस, आणि ऑफिसचं अधिकारपत्र वेगळं लागतं.

५. तीन अटी

- सध्याच्या कंपनीत तुम्हाला ९० दिवस पूर्ण झालेले हवेत.
- सिम हरवलं, खराब झालं म्हणून बदलून घेतलं असेल तर त्यानंतर ७ दिवस पोर्ट करता येत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. चोराने तुमच्या नावाचं सिम काढून नंबर पळवू नये म्हणून तो आणला.
- पोस्टपेड असेल तर मुदत उलटून गेलेलं बिल बाकी नको.

नवऱ्याचं तिसऱ्यात अडलं. "ते चुकीचं लावलेलं ११८ रुपयांचं बिल मी भरणार नाही" हा त्याचा तात्त्विक मुद्दा तीन आठवडे चालला. शेवटी मीच भरलं.

प्रीपेडवाल्यांसाठी एक: उरलेला बॅलन्स आणि उरलेली वैधता नव्या कंपनीत येत नाही. वर्षाचा रिचार्ज केल्यावर महिन्याभरात पोर्ट करायला निघू नका. उलट वैधता अगदी संपेपर्यंतही थांबू नका, आठवडाभर शिल्लक असताना सुरू करा.

६. कोड मागवा

ज्या नंबराचं पोर्टिंग करायचंय त्याच सिमवरून १९०० ला एसएमएस पाठवायचा. त्यात इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पोर्ट हा शब्द, मग एक मोकळी जागा, मग दहा आकडी नंबर. स्वस्तातल्या पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ द्यायचा, असा आदेश ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना दिलेला आहे. तेव्हा "आधी मोठा रिचार्ज मारा" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

उत्तरात आठ अक्षरी कोड आणि त्याची मुदत येते. हा कोड नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा. डिसेंबर २०१९ पासून पद्धत अशी आहे की अटी आधीच तपासल्या जातात. त्यात बसत नसाल तर कोडच मिळत नाही, कारण मिळतं. त्यामुळे कोड आला म्हणजे मोठा अडथळा गेला.

कोड ४ दिवस चालतो. मी अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मागवला. दुसऱ्या दिवशी विसर्जन, दुकानं बंद. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिरवणूकच संपली नव्हती. चौथ्या दिवशी पोचले तर दुकानदाराचा सर्व्हर बसलेला. पाचव्या दिवशी कोड बाद. पुन्हा मागवता येतो, नुकसान काही नाही, चिडचिड फक्त. म्हणून दुकानात उभं राहूनच कोड मागवा.

हा कोड म्हणजे तुमच्या नंबराची किल्ली. "मी कंपनीतून बोलतोय, आलेला कोड सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. असं काही घडून पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

७. दुकानात

सोबत न्यायचं:

- आधार कार्ड (मूळ, झेरॉक्सवर आता काम होत नाही, १ जानेवारी २०२४ पासून कागदी केवायसी बंद आहे)
- ज्याच्या नावावर नंबर आहे तो माणूस स्वतः
- जुनं सिम चालू असलेला फोन
- आधारवरचा पत्ता परगावचा असेल तर तसं आधीच सांगा
- दुसरा, संपर्कासाठीचा एक नंबर

पुलाखाली छत्री लावून बसलेल्या मुलांकडून सिम घेण्यात गैर काही नाही, पण मी पक्क्या दुकानात गेले. कारण ठसा. "पहिला ठसा आला नाही, परत द्या" असं म्हणत दोनदा-तीनदा अंगठा घेतला तर दर वेळी स्क्रीन बघायला मागा. जास्तीचा ठसा म्हणजे तुमच्या नावावर जास्तीचं सिम, असले उद्योग झालेले आहेत. सासूबाईंचे ठसे वयामुळे झिजलेत, त्यांचा खरोखरच चौथ्या वेळी आला. म्हणून घरी येऊन मी संचार साथीवर त्यांची यादी बघितली. एकच नवा नंबर, ठीक.

नवीन सिम घेतल्यावर ते लगेच चालू होत नाही. जुनं फोनमधून काढू नका.

मन बदललं तर १९०० लाच इंग्रजीत कॅन्सल आणि नंबर असा एसएमएस करून विनंती मागे घेता येते, पण ते २४ तासांच्या आत.

८. बदलाची रात्र

नंबर कधी बदलणार याचा मेसेज येतो. बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर. जुन्या सिमची रेंज गेली की नवीन घाला. मधले काही तास दोन्ही मुके असू शकतात. दवाखान्यात कोणी असेल, मुलाचा परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल, घराच्या रजिस्ट्रेशनचा ओटीपी यायचा असेल तर तो आठवडा टाळा.

त्याआधी एक काम: जुन्या सिमवर साठवलेले नंबर फोनमध्ये घ्या. सासूबाईंच्या सगळ्या मैत्रिणी सिमवर होत्या. त्या मी रात्री एक वाजता वहीत उतरवल्या.

ई-सिमवाल्यांनो, आधी साधं सिम घेऊन पोर्ट पूर्ण करणं मला सोपं वाटलं. मग कंपनीकडे ई-सिमची विनंती. म्हणजे खाच असलेला एखादा जुना फोन तेवढ्यापुरता हाताशी हवा. ई-मेल आधी नोंदवून ठेवा, क्यूआर कोड त्यावर येतो. सिम बदलल्यावर साधारण २४ तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे ओटीपीही नाहीत, हे धरून चाला. आणि फोन रीसेट करताना ई-सिम पुसू नका. तोच क्यूआर कोड सहसा दुसऱ्यांदा चालत नाही.

९. सेटिंग

सिम घातलं, रेंज आली, पण इंटरनेट नाही? फोन एकदा बंद करून चालू करा. मग 'ॲक्सेस पॉइंट'मध्ये जाऊन ते मूळ स्थितीला आणा, जुन्या कंपनीचं नाव तिथे चिकटून बसलेलं असतं. 'प्रेफर्ड नेटवर्क'मध्ये फोरजी किंवा फाइव्हजी निवडा. व्होल्टी चालू करा. दोन सिम असतील तर इंटरनेट कोणत्या सिमवरून हे पुन्हा सांगावं लागतं.

१०. बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप

नंबर तोच असल्यामुळे बँकेत किंवा आधार केंद्रात काही कळवावं लागत नाही. पण यूपीआयची ॲप सिमशी बांधलेली असतात. नवीन सिम दिसलं की ती परत पडताळणी मागतात आणि त्यासाठी तुमच्या फोनमधून एक एसएमएस जातो. काही बँका त्यानंतर पहिला दिवसभर रकमेवर मर्यादाही ठेवतात. त्या दिवशी खिशात रोख असू द्या. मी मंडईत दोन किलो मटार मापून घेतल्यावर हे शिकले.

व्हॉट्सॲपला हात लावू नका. 'नंबर बदला' हा पर्याय आपल्यासाठी नाही.

११. अडलं तर

सात कामाचे दिवस उलटले आणि काहीच नाही, तर आधी नव्या कंपनीकडे, मग १९८ वर रीतसर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे जाता येतं. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिथे थेट पत्र लिहिण्यात वेळ जाईल.

पोस्टपेडवाल्यांनी जुन्या कंपनीचं शेवटचं बिल विसरू नये. ते पोर्ट झाल्यावर येतं, आणि भरलं नाही तर नव्या कंपनीतला चालू नंबरही बंद होऊ शकतो. नवऱ्याचं मी आल्या दिवशी भरलं, चर्चा न करता.

कॉलर ट्यून पोर्ट होत नाही. सासूबाईंच्या नंबरावर वर्षानुवर्षं लागणारा अभंग गेला, आणि आठवडाभर त्यांच्या मैत्रिणी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवत होत्या.